गाऱ्हाणं कोणत्या भाषेत

आज मिठबावच्या घरी सोलकढीसाठी नारळ फोडला, आणि त्या गोडसर वासाने मला इथलीच एक जुनी सकाळ आठवली.

मी जर्मनीला निघाले होते. वर्षभर जर्मन घोकून स्वप्नंही त्याच भाषेत पडत होती. कुणी लांब निघालं की बाबा देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. त्या दिवशी बाबांचा घसा बसला होता.

"तूच घाल गो," ते म्हणाले.

मी हात जोडले. "हे देवा, आपण माझे रक्षण करावे."

"देव काय हापिसात बसलेलो आसा? आपल्या भाषेत सांग."

जिभेवर आधी जर्मन शब्दच आले. मालवणी गेली की काय, अशी भीती वाटली. मग आपोआप तोंडातून निघालं, "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू परमुलखात जाता, तेची राखण कर."

"व्हय म्हाराजा," बाबा बसक्या आवाजात म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा वाटलं, आता देव बघून घेईल. आज वाटतं, मला बाबांचं ते उत्तरच हवं होतं.

खोबरं खवताना मी सहज म्हटलं, "बा देवा म्हाराजा, चेडवाची परीक्षा बरी जाऊंदे."

आतल्या खोलीत माझी लेक त्याच परीक्षेसाठी जपानी अक्षरं गिरवत होती. वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."