डोलीपेक्षा बरी गादी

कुठल्याही लॅबमध्ये रिपोर्टच्या फायली साठतात, तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, की फायली कपाटात जातात आणि किस्से चहाच्या वेळी बाहेर येतात. आमच्याकडे चहा दिवसातून चार वेळा होतो. तेव्हा मी आज सांगायला बसलोय खरा, पण यातला निम्मा माल आमच्या बाळारामने पोलादपूरच्या स्टँडवर आधीच वाटून टाकला असणार!

आम्ही म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फोम कारखान्याचं संशोधन खातं. नाव भारदस्त, माणसं चार. खात्याचे प्रमुख मुकादम सर, पक्के महाडकर, गल्फमध्ये अठरा वर्षं फोम बनवून परत आलेले. मी सकपाळ, इचलकरंजीहून टेक्स्टाइल शिकून आलेला. सुरेखाताई उमरठकडच्या, शिलाई त्यांच्याकडे. आणि बाळाराम, कंपनीची व्हॅन चालवणारा.

आमच्याकडे काम होतं अँब्युलन्सच्या स्ट्रेचरसाठी नवी गादी शोधून काढायचं. खाली फोम आणि वर आमचं खास कापड. या कापडाचे दोन पदर असतात आणि मध्ये हजारो बारीक धागे उभे असतात. दाबलं की बसतं, सोडलं की उठतं, आणि आतून हवा खेळते. पेशंटची पाठ घामाने भिजत नाही.

आमच्या मुंबईच्या शेठनी सरळ सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत पुण्याच्या पार्टीने गादी पास केली तर खातं चालू. नाहीतर कुलूप." पुण्याची पार्टी म्हणजे अँब्युलन्स बनवणारी कंपनी. कुलूप लागलं की मुकादम सर घरी, मी मुंबईच्या ऑफिसात आणि शिलाई मशीन भिवंडीला.

"मशीन भिवंडीला," सुरेखाताई म्हणाल्या, "आन् मी?"

मी उगाच कपाट उघडून बंद केलं.

* * *

पहिला किस्सा छत्रीचा.

सरांनी गल्फहून येताना फोमचा फॉर्म्युला डोक्यात आणला होता. "अठरा वर्षांत एकदा फेल नाही!" असं ते दिवसातून दोनदा सांगायचे. जुलैत पहिला घाणा घालायचा ठरला. सर भिजत आले, छत्री मिटवली, साच्याच्या काठावर टेकवून ठेवली आणि दोन्ही केमिकल मिसळून साच्यात ओतली.

आता फोम फुगतो तो पाण्यामुळे. पाणी मोजून, थेंब थेंब घालायचं असतं. पण छत्रीने न मोजता घातलं. फोम साच्याच्या काठावर आला, काठ ओलांडला, टेबलावर उतरला. सर मागे सरकत म्हणत होते, "थांबेल, थांबेल!" थांबला तेव्हा छत्री मुठीपर्यंत आत गेली होती.

मी जपून विचारलं, "सर, तिकडे असं कधी झालं नाही?"

"अरे सकपाळ, तिकडे छत्री कोण वापरतं!"

तो गोळा अजून कपाटावर आहे. छत्रीची मूठ बाहेर आणि वर लेबल: नमुना क्रमांक एक.

* * *

गादी कशी हवी, यावर पुण्याच्या पार्टीने चाळीस पानं पाठवली होती. सर ती पानं मोठ्याने वाचायचे, मी मान डोलवायचो. एक दिवस सुरेखाताई कापड बेतता बेतता म्हणाल्या, "माझ्या सासूला वाडीवरून डोलीत घालून खाली आणली. चौघांनी दोन तास उचलली. मंग रस्त्यावर अँब्युलन्समध्ये घातली. सासू काय बोलली, ठाव हाय?"

"काय?"

"मला परत डोलीत घाला!"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ते उठले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डोलीपेक्षा बरी. चाळीस पानं त्यांनी फाइलला लावली. त्या दिवसापासून आमचं स्पेसिफिकेशन तेवढंच.

* * *

घरच्यांना माझं काम समजावणं हा वेगळाच प्रकार. मी चवदार तळ्यापाशी खोली घेऊन राहतो, त्यामुळे महाडला खरेदीला आलेली आमची आत्या हमखास चहाला टपकते. एकदा ती माझ्यासाठी स्थळ घेऊनच आली. मुलीचे वडील समोर.

"मुलगा काय करतो?"

"संशोधन करतो," आत्या ऐटीत म्हणाली.

"कसलं?"

"गादीचं."

त्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडे दोन गाद्यांचा कापूस पिंजायचा आहे. कधी येता?"

स्थळ जमलं नाही. पण त्या दोन गाद्या मी फोमच्या करून दिल्या आणि त्यांचा तिसरीसाठी फोन आला!

* * *

आमची चाचणी दोन जागी होते. एक लॅबमध्ये. तिथे एक मशीन आहे, त्याला माणसाच्या बैठकीच्या आकाराचा लाकडी ठोकळा आहे, आणि तो ठोकळा गादीवर ऐंशी हजार वेळा बसतो आणि उठतो. त्याचं नाव आम्ही बाबूराव ठेवलंय. सकाळी आल्यावर आधी बाबूरावाला नमस्कार, मग हजेरी.

दुसरी चाचणी रस्त्यावर. व्हॅनमध्ये स्ट्रेचर, स्ट्रेचरवर साठ किलो वाळूचं पोतं, पोत्यावर धक्के मोजायचं यंत्र. बाळारामने महाड ते पोलादपूर आणि परत अशी फेरी मारायची. मार्ग ठरलेला, वेग ठरलेला, आणि हायवेवर एक खड्ड्यांचा पट्टा होता, तोही ठरलेला. सरांनी त्या खड्ड्यांना नंबर दिले होते. सात नंबरला पोतं उडायचं.

एका सोमवारी बाळाराम फेरी मारून आला. यंत्र बघितलं तर धक्के निम्म्याच्या खाली! सरांनी मला मिठी मारली. सुरेखाताईंनी पेढे मागवले. शेठना फोन गेला, "जमलं!" दोन दिवस आम्ही हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी मी बाळारामसोबत व्हॅनमध्ये बसलो. गाडी पाण्यातून होडी जावी तशी चालली होती.

"बाळाराम, सात नंबर कुठे गेला?"

"त्यो? शनवारीच नवा काँक्रीटचा रस्ता चालू झाला की!"

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी सगली येवढी खुश हुता सायेब, माज्याच्यान बोलवलं नाय."

सरांनी शेठना पुन्हा फोन लावला. तो फोन मी ऐकला नाही, मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो. महाराष्ट्रात रस्ता चांगला झाला म्हणून रडलेली माणसं आम्हीच असू! मग बाळारामनेच त्याच्या मामाच्या वाडीकडे जाणारा कच्चा रस्ता शोधून दिला. तिथे नंबर द्यायची सोय नव्हती, कारण दोन खड्ड्यांच्या मध्ये रस्ताच नव्हता.

* * *

गणपती झाल्यावर पुण्याहून जोगळेकर मॅडम आल्या. अँब्युलन्स कंपनीत माल पास-नापास करणं त्यांच्या हातात. उंच, कडक, हातात वही. महाबळेश्वरला काही काम होतं, ते उरकून आंबेनळी घाटाने उतरल्या होत्या. चेहऱ्यावर सगळी वळणं दिसत होती.

"मला गाडीत कधीच बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "झोप तर विमानातसुद्धा लागत नाही. तेव्हा माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नका."

त्या स्वतः स्ट्रेचरवर झोपल्या, बाळारामने कच्च्या रस्त्यावर फेरी मारली. परत आल्या त्या मान धरूनच. "पाठ ठीक. पण डोकं डावीकडे-उजवीकडे हलतंय. नापास. दिवाळीआधी एकदा येईन. शेवटचं."

पंधरा दिवस सर आणि मी फोम कडक केला, मऊ केला, डोक्याखाली उंच केला, सखल केला. डोकं हलायचं ते हललंच. सर पहिल्यांदाच म्हणाले, "सकपाळ, मुंबईत खोली बघून ठेव." मला फार वाईट वाटलं. मुंबईचं नव्हे, सर हरले याचं.

सुरेखाताई आमची ही धडपड शिलाई मशीनमागून बघत होत्या. त्या दिवशी उठून आल्या.

"सर, बाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन डोंगर उतरते. हंडा हलतो काय?"

"नाही. पण ती चुंबळ ठेवते ना खाली."

"मंग हंड्याच्या जागी डोकं ठेवा की!"

आणि त्यांनी आमच्याच खास कापडाची पट्टी गुंडाळून, शिवून, गादीच्या डोक्याकडच्या बाजूला एक चुंबळ बसवली. मी त्यात डोकं ठेवून बघितलं. डोकं घट्ट बसलं, कान मोकळे, आणि खालून हवा.

सरांनी ती चुंबळ दोन्ही हातांनी दाबून बघितली. मग म्हणाले, "ताई, अठरा वर्षं मी कुठे होतो?"

"गल्फला," ताई म्हणाल्या आणि परत मशीनवर जाऊन बसल्या.

* * *

आता एकच राहिलं होतं. नव्या गादीवर बाबूरावाच्या ऐंशी हजार बैठका सलग व्हायला हव्या होत्या. मशीन चालू केलं. आणि मध्ये आली खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारं, अवजारं, मशीन सगळं धुऊन पुसून पूजेला लावायचं आणि चालवायचं नाही, हा कारखान्याचा रिवाज. झेंडूची माळ दरवर्षी मुकादम सरच आणतात. त्यांनी आणली, सुरेखाताईंनी बाबूरावाला हळदकुंकू लावलं, बाळारामने नारळ फोडला. बटण नेमकं कुणी बंद केलं हे आजपर्यंत कळलेलं नाही. दसरा धरून बाबूराव दोन दिवस माळ घालून निवांत होता.

पुढे उरलेल्या बैठका झाल्या. गादी मोजली तर जराही दबलेली नाही. पास! मी नाचायलाच लागलो. सरांनी आकड्यांचा कागद बघितला आणि माझा हात धरला.

"मध्ये दोन दिवस गादीला विश्रांती मिळालीय. दोन दिवस सुट्टी मिळाली तर माझी पाठपण पास होते!"

"सर, कोण बघतंय? दिवाळी तोंडावर आलीय."

"पेशंट बघतो, सकपाळ. आडवा पडून वर बघत असतो."

नवी गादी, नवी सुरुवात, शून्यापासून. बाबूराव पुन्हा कामाला लागला. मॅडम यायच्या आदल्या दिवशी दुपारी आकडा ऐंशी हजारावर गेला. गादी खरंच पास झाली होती. सरांनी बाबूरावाला कपभर चहा ठेवला.

* * *

आणि मग जोगळेकर मॅडम आल्या. पुन्हा घाटाने, पुन्हा तोच चेहरा. चहाला नको म्हणाल्या. वही उघडली, पेन कानाला लावलं, स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, पट्टे लावून घेतले. डोकं चुंबळीत ठेवताना विचारलं, "हे काय?"

"आमच्याकडचं तंत्रज्ञान आहे," सर म्हणाले. सुरेखाताईंनी पदर तोंडाला लावला.

"ड्रायव्हर, मागच्याच रस्त्याने. वेग कमी करायचा नाही. मी सांगितल्याशिवाय थांबायचं नाही."

बाळारामने मान हलवली आणि व्हॅन गेली.

फेरी पाऊण तासाची. पाऊण तास झाला, तास झाला, दीड तास झाला. सुरेखाताईंनी मशीनवर आच्छादन घातलं, काढलं, परत घातलं. मी बाळारामला फोन लावला, तिकडे रेंज नव्हती. गाडी खड्ड्यात गेली असेल, मॅडमची मान आखडली असेल, काय काय मनात आलं. सर फळ्यासमोर उभे होते, त्या तीन शब्दांकडे बघत. सॉरी, दोन शब्द. त्या दिवशी मला मोजताही येत नव्हतं.

सव्वादोन तासांनी व्हॅन फाटकातून आत आली. अगदी हळू. बाळाराम उतरला, दार न आपटता लावलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"तीन फेऱ्या झाल्या," तो कुजबुजला. "थांबा म्हनून बोललीच नाय."

आम्ही तिघंही मागच्या काचेला नाक लावून उभे राहिलो. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. शेठ! त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"मुकादम! काय झालं? पास का नापास?"

सरांनी फोनवर हात धरला आणि व्हॅनपासून चार पावलं लांब गेले.

"शेठ, जरा हळू बोला. मॅडम घोरतायत."