भरीत कुटणारा हात

जळगावात भरीत कुटावं तर माझ्याच हातानं. फक्त तो हात नजरेस पडला की पाहुणे शेवभाजी मागतात.

उजव्या हाताला लहानपणापासून गाठी, एखाददोन पायातबी. काही हाडातल्या, गोटीसारख्या टणक. काही वरच्या, जांभळ्या, मऊ. दाबल्या की बसतात, सोडल्या की परत फुगतात. हिवाळ्यात शेतात भरीत-पार्टी असली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सालं काढायची आणि लाकडी बडगीत कुटायची, हे माझं काम. त्यात वांगं कोणतं अन् बोट कोणतं, मलाच बघून कुटावं लागायचं. एका मालकानं हातमोजा आणून दिला. अंगठ्याच्या पुढं सरकेचना. मग त्यानं मला कनातीमागं बसवलं. नव्या नवरीसारखा आत बसून कुटायचो.

गेल्या थंडीत तळहातातली गाठ ठणकायला लागली. आता कुटणाऱ्याचा हात हंगामात ठणकतोच. आम्ही काय करतो, चुलीतली गरम राख फडक्यात बांधून शेकतो. मीबी शेकत राहिलो. शेतातली वांगी संपली, पार्ट्या संपल्या, ठणका काही संपेना. गाठ मात्र लिंबाएवढी झाली. तेव्हा बायकोनं मला धरून धुळ्याला नेलं.

मोठ्या डॉक्टरनं फोटो पाहिले अन् शिकणाऱ्या पोरापोरींना बोलावलं. सगळे माझ्या हातावर वाकले. जन्मात पहिल्यांदा हा हात पाहून कोणी मागं सरकलं नाही. मी म्हटलं, "बघा बघा, तिकीट नाही." पोरं हसली. डॉक्टर हसला नाही.

"जन्माचा आजार आहे, फार कमी लोकांना होतो," तो म्हणाला. "गाठी तशा साध्या असतात. तुमची ही एक बिघडली. कॅन्सर आहे. हात कोपराच्या वरून काढावा लागेल."

"अन् पायातल्या गाठी?"

"त्याही बिघडू शकतात. औषध नाही यावर."

"थंडीतच आलो असतो तर?"

त्यानं फोटो पाकिटात घातले. "अर्ध्या पंजावर भागलं असतं, कदाचित."

बाहेर बाकड्यावर बायको पदर तोंडाशी धरून बसलेली. मी नेहमी जे करतो तेच केलं.

"रडू नको. डावा शे ना. डाव्या हाताचं भरीत म्हणून जास्त चालंल."

तिनं पदर खाली घेतला.

"गप बठा. आते तुमना लेंगानी नाडी बी मालेच बांधनी पडी."