हिरड्यापासूनचं माप

भावडूबाबा कुठेही बसायच्या आधी जमीन वाजवून बघायचे. त्यांच्या काठीला खाली लोखंडी टोपण होतं. ते दोनदा आपटायचं, मान कलती करून ऐकायचं आणि मगच बूड टेकायचं, अशी सवय. एकदा ते नाशिकला आमच्या ऑफिसात आले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीवरही त्यांनी काठी वाजवली. "पोकळ हाय खाली. पण इतक्यात पडायचा नाय," असं म्हणून निवांत खुर्चीत बसले. सगळं ऑफिस खो खो हसलं. मीही हसले.

बाबा पेठ तालुक्यातल्या एका डोंगरी वाडीचे. उभं आयुष्य रोजंदारीवर वनमजूर म्हणून काढलेलं. रोपं लावायची, वणवे विझवायचे, चुकलेली गुरं शोधायची. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण चढावर मला धाप लागायची तेव्हा ते पुढे उभे राहून तंबाखू मळत असायचे. मी कंत्राटी इंजिनियर. सरकारी निधीतून त्या वाडीसाठी दुहेरी काम मंजूर झालं होतं. डोंगराच्या उतारावर चर खणून पाणी जिरवायचं, झाडं लावायची आणि खाली धबधब्याच्या तोंडाशी पर्यटकांसाठी लोखंडी गॅलरी, पायवाट, बाकडी असं काही करायचं. नकाशा माझा होता. मला त्याचा अभिमानही होता.

पहिल्या दिवशी बाबाच मला कड्यावर घेऊन गेले. दरीत पुढे आलेली काळ्या दगडाची ती सोंड बघून मी खूश झाले. गॅलरीला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. बाबांनी काठी दोनदा वाजवली, मग आणखी चार ठिकाणी वाजवली.

"म्याडम, हितं नको. ह्यो कडा आता डोंगराचा नाय."

"मग कुणाचा आहे?"

"त्याचा त्यो हाय. सुटलाय."

त्यांनी मागे नेऊन मला भेग दाखवली. अंगठा जेमतेम जाईल एवढी, पालापाचोळ्याने भरलेली, सोंडेच्या मागून आडवी गेलेली. भेगेच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला हिरड्याचं एक जुनं झाड होतं. मी कच्च्या आराखड्यात पेन्सिलीने भेग काढली. आमचे साहेब म्हणाले, "सह्याद्रीत भेग नाही असा दगड दाखव मला." त्यांचंही खरंच होतं. पक्का नकाशा निघाला तेव्हा त्यात भेग नव्हती. पुढे तिच्यावरून पायवाट गेली आणि तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसले.

काम छान झालं, हे कबूल केलंच पाहिजे. पहिल्याच पावसात चर तुडुंब भरले. वाडीखालचा झरा मार्चमध्ये आटायचा तो मे महिन्यातही वाहत राहिला. बायकांची डोक्यावर हंडे घेऊन होणारी पायपीट थांबली. दर रविवारी नाशिकहून गाड्या येऊ लागल्या आणि द्राक्षबागांच्या कामाला बाहेर जाणारी पोरं वाडीतच भजी तळू लागली. बाबांच्या सुनेचाही एक गाडा लागला. बाबांना वाडीच्या पर्यटन समितीने पायवाटेच्या गेटवर बसवलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली. सगळे आनंदात होते. फक्त बाबा झऱ्याजवळ उभे राहून म्हणायचे, "पाणी जिरवलं ते ब्येस केलं. पण डोंगराच्या पोटात कुठं जिरलं, ते इचारलं का कुणी?" लोकांना हे बोलणं अभद्र वाटायचं. जिवाबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना गप्प करायची.

बाबा गप्प बसले, पण मोजत राहिले. त्यांच्याकडे केकताडाची, म्हणजे घायपाताच्या वाखाची, एक दोरी होती. गॅलरी उभी राहिली त्या वर्षी आखाजीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात अक्षय तृतीयेला, त्यांनी ती हिरड्याच्या बुंध्याला बांधली, गॅलरीच्या पहिल्या खांबापर्यंत ताणली आणि खांबाशी गाठ मारली. दर आखाजीला तेच करायचे. दुसऱ्या वर्षी गाठ खांबाला दोन बोटं कमी पडली. तिसऱ्या वर्षी चार. तेव्हा ते दोरी गुंडाळून, एसटीने घाट ओलांडून आमच्या ऑफिसात आले होते. फरशी वाजवली ती त्याच दिवशी.

मी त्यांना समजावून सांगितलं की दोरी आखडते, तिच्यावर काही ठरवता येत नाही. "ओली झाली तर आखडंल," बाबा म्हणाले, "आखाजीला पाणी कुठून आणू?" मग मी स्वतः टेप घेऊन गेले. सोंडेवरच्या एका मोठ्या दगडावर आम्ही काम सुरू करताना तांबड्या रंगाने बाण काढला होता. आमची सगळी मापं त्या बाणापासूनची. मी बाणापासून प्रत्येक खांब मोजला. एका मिलिमीटरचा फरक नव्हता. मला हायसं वाटलं. मी बाबांना आकडे वाचून दाखवले आणि अहवालात लिहिलं, 'कोणतीही हालचाल आढळली नाही.' खाली सही केली.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचा कागद बरोबर असंल. मी खोटा पडलो तर ग्वाडच हाय की. माणसं तरी जगतील." पण त्यानंतर रविवारी ते गॅलरीवर दहापेक्षा जास्त माणसं जाऊ देईनात. शिट्टी फुंकून फुंकून त्यांची गालफडं बसली. तक्रारी आल्या. गेटवरचा म्हातारा लोकांना घाबरवतो, असं कुणीतरी लिहून पाठवलं. समितीने त्यांना ताकीद दिली. मला वाईट वाटलं, पण मी मध्ये पडले नाही.

त्या वर्षी आषाढात पावसाने आठवडाभर उसंत घेतली नाही. एका शनिवारी मी ऑफिसात दुसऱ्याच कामासाठी जुने कागद काढत होते, त्यात तो कच्चा आराखडा हाती लागला. पेन्सिलीची भेग पुसट झाली होती, पण दिसत होती. भेगेच्या या बाजूला हिरडा. त्या बाजूला गॅलरी आणि गॅलरीच्या शेजारी तांबडा बाण. सोंड सरकत असेल तर बाणही तिच्याबरोबर सरकत होता, खांबही सरकत होते. त्यांच्यातलं अंतर बदलणार कसं? मी चालत्या गाडीत बसून मागच्या आणि पुढच्या बाकातलं अंतर मोजलं होतं आणि गाडी उभी आहे असं लिहून दिलं होतं.

साहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, हेही खरं. "उद्या रविवार आहे. बंद करायचं तर माझ्या हातात आकडा लागेल. बोटं आणि विती नकोत." मी निघायचं ठरवलं, तर घाटात दरड पडून रस्ता बंद. शेवटी रविवारी सकाळी बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमचं खरं होतं. माझं चुकलं."

बाबा म्हणाले, "असू द्या. आता काय करायचा त्ये सांगा."

"हिरड्यापासून एक माप पाहिजे. आज."

"मापतो. पण आधी माणसं काढतो."

त्यांनी आधी माणसंच काढली. घाट बंद असला तरी पेठच्या बाजूने आलेले तीस-चाळीस जण होते. शिव्या खाल्ल्या, एकाने म्हणे कॉलरही धरली, पण गेट लावून कुलूप घातलं. तासाभराने त्यांचा फोन आला. ते गॅलरीवरून परत आले होते, हिरड्याखाली उभे होते, श्वास लागला होता.

"वितीच्या वर हाय. लय हाय पोरी."

ते मला पहिल्यांदाच पोरी म्हणाले. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "नक्की किती, बाबा? सुनेकडून शिवणकामाचा टेप घ्या आणि सेंटिमीटरमध्ये सांगा. साहेबांना आकडा लागतो."

त्यांनी काठी दोनदा वाजवलेली मला फोनमध्ये ऐकू आली. मग म्हणाले, "बरं. परत जातो."

मी टेबलावर वही उघडून, पेन हातात धरून बसले. फोन आला तो बाबांचा नव्हता. सोंड एकदम गेली, असं गेटवरच्या लोकांनी सांगितलं. आवाज नंतर आला. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ते सगळं आहे. ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही. बाबा तिसऱ्या दिवशी खालच्या ओहोळात सापडले. गेटबाहेरच्या त्या तीस-चाळीस जणांपैकी कुणाला खरचटलंही नाही.

पंधरा दिवसांनी रस्ता सुरू झाला तेव्हा मी वाडीला गेले. जिवाबाईंनी ओसरीवर घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. वाडी इतकी शांत होती की झऱ्याचं पाणी घरात ऐकू येत होतं. मला जे सांगायचं होतं ते मी सांगून टाकलं. चुकलेला बाण, माझी सही, शेवटचा फोन, सगळं. न रडता सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. त्यांनी चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या,

"त्याला माप कशाला लागत होता, बाई? त्याला तर म्हाईत होता. माप तुमाला पायजे होता."