एका पारड्यात भज्जी

दसऱ्याला लेकीकडे नांदेडला गेलो आणि तिथंच आमच्या ह्यांना अटॅक आला. स्टेंट टाकला, जीव वाचला. हुश्श म्हणावं तर डॉक्टरांनी इको केला आणि मला आत बोलावलं. हृदयाचं टोक हालत नाही, तिथं रक्त साचून गाठ धरलीय, म्हणाले. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा, नाहीतर त्याहून वाईट.

म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. तीन महिने घ्यायची, मग पुन्हा इको करून गाठ विरघळली का बघायचं. आमच्या लातूरला रक्त तपासायचं, रिपोर्ट फोनवरून नांदेडला कळवायचा, डॉक्टर सांगतील तेवढीच गोळी. "पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो," डॉक्टर म्हणाले. "बंद करू नका, पण रोज सारखीच खा. एक दिवस घमेलंभर अन् मग काहीच नाही, असं नको. आणि गोळी कमीजास्त मी करणार, तुम्ही नाही." हे मान डोलवत होते. त्यांची ती मान मला चांगली ठाऊक होती, ती डोलायला लागली की समजायचं, माणूस ऐकत नाही.

हे लातूरच्या मोंढ्यात मापाडी. जन्म सगळा तूर, हरभरा, सोयाबीन तोलण्यात गेला. काटे इलेक्ट्रॉनिक झाले तरी ह्यांच्या डोक्यातला तराजू काही सुटला नाही. एका नातवाच्या ताटात जिलबी जास्त गेली की दुसऱ्याच्या ताटात तेवढी पडलीच पाहिजे. मी चिडायची, "अहो, घर आहे हे, आडत नव्हे!" त्यावर नुसते हसायचे.

दोन महिने मी डोळ्यात तेल घालून सांभाळलं. रोज संध्याकाळी गोळी माझ्या हातानं द्यायची. मेथी, करडई, चाकवत घरात आलं तर पळीभर, तेवढंच. आणि मग आली येळवस, मार्गशीर्षातली वेळा अमावस्या.

आमच्याकडे येळवशीला लातूर अख्खं ओस पडतं, सगळं गाव रानात. दिराच्या शेतात कडब्याची खोपटीएवढी कोप उभारलेली, पूजा झाली, आंबील, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. सतरा पालेभाज्या, हरभरा, तुरीचे दाणे एकत्र घोटलेली हिरवीगार भज्जी. एकदा तोंडाला लागली की माणूस थांबत नाही. त्यात बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची, आणि बोलावल्यावर न जेवता जाणं म्हणजे अपमान. मी बायकांत बसले होते. हे किती शेतं फिरले देव जाणे, परतले ते ढेकर देतच. वर जावेनं डबा भरून दिला, शिळी भज्जी जास्त चवदार लागते म्हणून. मी संतापले. "अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"सणाचं अन्न हाय. तू नको काळजी करू, मी बघतो."

बघतो म्हणजे काय, ते मी विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात इकोच होता, रक्त तिथंच तपासू असं ठरलं होतं. मधे एकदा चूळ भरताना रक्त दिसलं, तर म्हणाले, काडीनं दात कोरले.

नांदेडच्या एसटीत ते सगळा वेळ कपाळ धरून बसले. ऊन लागलं म्हणाले. पौषातलं कसलं ऊन! दवाखान्यात आधी रक्त घेतलं, मग इको. डॉक्टर पडद्याकडे बघत हसले. "गाठ गेली, काका. पूर्ण विरघळली." मी तिथंच हात जोडले. लेक रडायला लागली.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर हे माझ्याकडे वळले. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळ्यांत मोंढ्यातला तो जुना तोरा. "तुला सांगितलं न्हाई. येळवशीपासून रोज सकाळी आणखी एक गोळी घेत होतो. तिकडं भज्जी पडली, इकडं गोळी टाकली. माझं माप बरोबर निघालं बघ."

मी तोंड उघडायच्या आत त्यांना ओकारी झाली. मग जीभ जड पडली, उजवा हात मांडीवरून घसरला. तेवढ्यात नर्स रक्ताचा रिपोर्ट घेऊन धावत आली. रक्त पाण्यासारखं पातळ झालं होतं. मेंदूत रक्तस्राव. जे रक्त पातळ करायला तीन महिने धडपडलो, तेच घट्ट करायला आता इंजेक्शनं, प्लाझ्माच्या पिशव्या, धावाधाव. काही उपयोग झाला नाही. ते पुन्हा बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी गेले.

दीर म्हणाले, "वहिनी, निदान गाठ गेल्याचं ऐकून समाधानानं गेला." मला इतका संताप आला! कसलं समाधान? ती भज्जी पोटात जिरून गेली तरी हा माणूस गोळ्या टाकतच राहिला, आणि मी शेजारी झोपत होते.

यंदाच्या येळवशीला मी रानात गेले नाही. जावेनं भज्जीचा डबा पाठवला. ओट्याशी उभी राहूनच खाल्ली, रागानं, पोट फुटेस्तोवर. मला कसली गोळी नाही, किती खाल्ली हे मोजायला कुणी नाही. शेवटचा घास गिळला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं ओरडले, "अहो, चुकलं तुमचं माप!"