पियानो वगैरे

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच मला जिंतूरला माहेरी आणून सोडलं. माझे यजमान औरंगाबादला निजाम सरकारच्या दफ्तरात होते. सोबत तेच आले होते. ओसरीवर चहा घेताना ते माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले, "मामा, हिला चार माणसांत बसता येत नाही. बोलता येत नाही. माझ्या बरोबरीच्या लोकांच्या बायका बघा. आजकाल मुलींना काहीतरी यायला पाहिजे. पियानो वगैरे."

एवढं बोलून ते दुपारच्या मोटारीनं परत गेले. मी आतल्या दाराशी उभी होते. मला वाटलं, ते बोलले आणि संपलं. आबांना तसं वाटलं नाही. त्यांनी त्या बोलण्यातला 'वगैरे' सोडून दिला आणि पियानो तेवढा धरून ठेवला.

आबांनी तोवर पियानो पाहिलेला नव्हता. आमची कापसाची शेती. गावात वाद्यं म्हणजे भजनातला मृदंग, टाळ आणि एक जुनी बाजाची पेटी. माय म्हणाली, "पेटी घ्या की मग. सस्तात व्हईल."

"पेटी तमाशातबी वाजती," आबा म्हणाले. "जावयानं पियानो म्हणलंय."

त्यांनी चौकशी सुरू केली. सिकंदराबादेत नवा पियानो मिळतो, पण त्याची किंमत ऐकून ते दोन दिवस त्या विषयावर बोललेच नाहीत. मग पूर्णा जंक्शनच्या मालबाबूकडून निरोप आला. आमच्या कापसाच्या गाठी रेल्वेनं जायच्या, त्यामुळं आबांची त्याच्याशी ओळख होती. पूर्णेला रेल्वेच्या साहेब लोकांची वस्ती होती आणि तिथं दोन जुने पियानो विकायचे होते. एक क्लबातला, एक एका मडमेच्या घरातला. आबांनी तीनशे रुपये बाजूला काढले आणि मला म्हणाले, "चल."

"मी कशाला? मला त्यातलं काय कळतं?"

"तुझ्यासाठी घ्यायचा हाय ना?"

परभणीपर्यंत मोटारीनं, तिथून गाडीनं आम्ही पूर्णेला गेलो. मी माझं लग्नातलं हिरवं लुगडं नेसले होते. ते त्या उन्हात फार भडक दिसत होतं, हे मला स्टेशनवर उतरल्यावर कळलं.

क्लबातला पियानो एका अंधाऱ्या दालनात भिंतीला लावून ठेवला होता. उंच, काळा, कपाटासारखा. मालबाबूनं झाकण उघडलं. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. आबा पुढं वाकले आणि बैलाचे दात पाहावेत तसं एकेक पट्टी दाबून पाहायला लागले. काही वाजायच्या, काही दाबल्या की तशाच खाली राहायच्या. एका पट्टीतून तर नुसतं लाकडाचं खट्ट ऐकू आलं. आबांनी मागच्या बाजूला हात घातला तर बोटांना माती लागली. वाळवी होती.

"दीडशेत देत्यात," मालबाबू म्हणाला. "तुमाला सोडून दुसरं गिऱ्हाईक बी न्हाई."

आबा कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले. दीडशे म्हणजे निम्मे पैसे वाचत होते. दाराशी क्लबातली नोकरमाणसं जमली होती. त्यांतल्या एकानं विचारलं, "कौन बजाएगा?" मालबाबूनं माझ्याकडं हात केला. ते सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी पदर आणखी पुढं ओढला. कुणीतरी हसलं.

"पोरी, तू सांग," आबा म्हणाले. "चालंल का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही. आबांनी वाळवीची माती धोतराला पुसली आणि म्हणाले, "मेलेलं जनावर हाय ह्ये. दुसरं दाखवा."

मडमेचा बंगला रुळांच्या पलीकडं होता. साहेब नोकरीतून मोकळा होणार होता आणि दोघं महिन्याभरात बंगळूरकडं जाणार होती. मडम वयस्क होती, अंगानं बारीक. तिनं आम्हाला खुर्च्यांवर बसायला सांगितलं. आबांच्या समोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. मी उभीच राहिले, तर तिनं माझा हात धरून बसवलं. माझ्या पायांना रस्त्याची धूळ होती आणि खाली गालिचा होता. मी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

हा पियानो तपकिरी होता. त्यावर कोरीवकाम नव्हतं, काही नव्हतं. मडमेनं बसून थोडं वाजवलं. इतका भरलेला आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. नदीला पाणी आल्यावर लांबून जसं ऐकू येतं तसं काहीतरी जमिनीतून पायांना लागलं. मग ती उठली आणि मला म्हणाली, "तुम बजाओ."

मी गेले. एका बोटानं एक पट्टी दाबली. आवाज आला आणि तसाच राहिला. मी आणखी एक दाबली. मग माझ्या लक्षात आलं की सगळे आता पुढं काहीतरी वाजेल म्हणून थांबलेत. मी हात मागं घेतला.

"नहीं आता?" मडमेनं विचारलं.

मी मान खाली घातली.

आबांनी किंमत विचारली. पाचशे. आबा अडीचशे म्हणाले. मडम हसली, नाही म्हणाली. आबा पावणेतीनशे म्हणाले. तिनं पियानोचं झाकण लावलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण बोलणं संपलं होतं. मला बरं वाटलं. आता आपण बाहेर पडू, गाडीत बसू, घरी जाऊ.

आबा उठले नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. कोर्टकचेरीत जाऊन जाऊन त्यांना तिकडची बोली चांगली यायची. ते मडमेला म्हणाले, "मेमसाब, ये मेरी बच्ची है. इसके घरवाले ने इसको वापस भेज दिया. इसको कुछ नई आता बोलके. पियानो आता तो ले जाता."

खोलीत मालबाबू होता, चहा घेऊन आलेला खानसामा होता, दाराशी आया होती. घरी ही गोष्ट माय शेजारणींनाही सांगत नव्हती. बाळंतपणाला आली का, असं कुणी विचारलं तर ती विषय बदलायची. आणि इथं आबा परक्या बाईला सांगत होते, तेही सगळ्यांदेखत. ते थांबले नाहीत. मी तिथं एक वर्ष कशी राहिले, जावई शिकलेला आहे, मी साधी आहे, घरात आणखी एक मुलगी उजवायची आहे आणि तिला यामुळं स्थळ येत नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. मी गालिच्यावरच्या वेलीकडं पाहत होते. कानांत नुसतं गरम झालं होतं.

मडम पियानोपासून बाजूला झाली. मग माझ्या जवळ येऊन तिनं माझी हनुवटी वर केली. ते मला सर्वांत वाईट वाटलं. पदराआड असते तर निदान तोंड तरी माझं माझ्यापाशी राहिलं असतं.

"तीन सौ," ती आबांना म्हणाली.

आबांनी कमरेची पिशवी सोडून पैसे टेबलावर ठेवले. मडमेनं एक नाणं उचलून पाहिलं. "ये तो हाली है. मैं कलदार बोली." आमच्या राज्याचा रुपया हाली आणि इंग्रजांचा कलदार, आणि कलदार भारी. आबांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्यांचा सगळा व्यवहार त्यातच.  ते नुसते माझ्याकडं पाहत बसले, आणि त्यांच्याबरोबर मडमही माझ्याकडं पाहायला लागली.

"ठीक है," ती म्हणाली. "चलेगा."

बाहेर पडताना तिनंच विचारलं, की घेऊन तर चाललात, पण हिला शिकवणार कोण? आबा जागच्या जागी थांबले. त्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. शेवटी तिनंच तोड काढली. ती जाईपर्यंत पियानो तिथंच राहील आणि मी रोज येऊन शिकायचं. मालबाबूच्या घरी माझी राहण्याची सोय झाली. आबा त्याच संध्याकाळी परत गेले. जाताना "नीट शिक" एवढंच म्हणाले. मी त्यांच्याशी बोलले नाही.

मडम चांगली होती. बोटं कशी ठेवायची, मनगट कसं ढिलं सोडायचं, ती न कंटाळता सांगायची. पण तिच्याकडं कुणी बायका आल्या की ती माझ्याकडं पाहत त्यांना इंग्रजीत काही सांगायची. मला इंग्रजी येत नव्हतं. त्यातला 'हजबंड' हा एक शब्द मात्र मला ठाऊक होता. तो ऐकला की माझी बोटं चुकायची. त्या बायका मग हळू आवाजात "पुअर थिंग" म्हणायच्या. त्याचा अर्थ मी पुढं कितीतरी वर्षांनी शिकले, पण त्यांच्या तोंडाकडं पाहून तेव्हाही कळतच होतं.

महिनाअखेर मला एक संथ चाल दोन्ही हातांनी वाजवता यायला लागली. मडमेला ती फार आवडायची. मी वाजवायला लागले की ती डोळे मिटून घ्यायची.

पियानो मालगाडीनं परभणीला आणि तिथून बैलगाडीतून जिंतूरला आला. गाडीत कडबा भरून, वरून घोंगड्या बांधून. तरी त्या रस्त्यानं त्याला खिळखिळं केलंच. मधल्या दोन पट्ट्या फुटक्या भांड्यासारख्या वाजायला लागल्या. ते दुरुस्त करणारा माणूस जवळपास कुठंच नव्हता. गावातली माणसं पाहायला यायची. पोरं पट्ट्यांवर हात मारून पळायची. बायका विचारायच्या, "सासरी न्ह्यायचा हाय का?" माय म्हणायची, "व्हय तर."

आबांनी जावयाला बोलावणं धाडलं. ते आले. नवी सतरंजी टाकली, पुरणाचा स्वयंपाक केला. जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "जावईबापू, जरा ऐका." ते स्वतः ओसरीच्या कडेला जाऊन खांबाला टेकून बसले.

मी बसले आणि मडमेची चाल वाजवली. फुटक्या पट्ट्या आल्या तिथं हात हलका ठेवला. एकदाही चुकले नाही. संपल्यावर मी हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिले.

यजमान हसत होते. मोठ्यानं नाही. "ही कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"पूर्णेला. एका मडमेकडं."

"ही चाल चर्चमधली आहे," ते म्हणाले. "कुणी मेलं की वाजवतात." मग आबांकडं वळून म्हणाले, "मामा, एवढा खर्च कशाला केलात? मी आपलं सहज बोललो होतो."

आबा म्हणाले, "आमाला काय कळतंय त्यातलं." आणि त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला. यजमानांनी पान खाल्लं. मोटारीची वेळ झाली तेव्हा मायनं त्यांना पुरणपोळ्या बांधून दिल्या, आणि त्यांनी त्या घेतल्या. पुढच्या लग्नसराईत त्यांनी दुसरं लग्न केलं. आम्हाला ते तिसऱ्याकडून कळलं.

पियानोवर मायनं जुनं लुगडं टाकलं. त्यावर सुपं, पाट्या, कधी वाळत घातलेल्या कुरडया. मी त्याच्या बाजूनं जाणंही टाळायची. पुढं किती महिन्यांनी ते आठवत नाही, एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी सुपं खाली ठेवली, खिडकी लावून घेतली, कारण गल्लीत ऐकू गेलं असतं तर त्यावरही बोलणं झालं असतं. आणि माय दळताना जी ओवी म्हणायची तिची चाल एका बोटानं शोधायला लागले. सापडायला फार दिवस गेले. माय एकदा शेतातून लवकर आली आणि तिनं दाराबाहेरून ऐकलं. आत येऊन म्हणाली, "ह्ये तर आपलंच हाय." मी झाकण लावलं. तरी दुसऱ्या दिवशी तिनं आपणहोऊन वरची सुपं उचलून ठेवली.

निजामाचं राज्य पालटलं त्याच्या आसपास परभणीला मुलींची एक शाळा निघाली. तिथल्या मोठ्या बाईंनी पियानोबद्दल ऐकलं आणि विचारणा केली. आबांनी पैसे घेतले नाहीत. मुलगी पियानोबरोबर येईल, तिला गाणं शिकवायला ठेवा, एवढं म्हणाले. मी शाळेच्या मागच्या खोलीत राहायला लागले. कपाळावर कुंकू आणि नवरा नाही, म्हणून मुलींच्या आया विचारायच्या. मी सांगायची, ते औरंगाबादला असतात. ते खोटंही नव्हतं. पण ते सांगून झालं की मला दिवसभर कुणाच्या तोंडाकडं पाहवत नसे.

आबा कापसाच्या दिवसांत परभणीला यायचे. शाळेच्या फाटकाशी उभे राहून मला बोलावून घ्यायचे, मायनं दिलेलं गाठोडं हातात ठेवायचे आणि निघायचे. आत कधी येत नसत. एकदा शाळा सुटलेली होती, मी म्हटलं, "आबा, आत चला. पियानो पाहा, सिकंदराबादेचा माणूस येऊन नीट करून गेलाय."

ते आले. मुलींच्या ठेंगण्या बाकावर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा डोक्याला गुंडाळला. मी मायची ओवी वाजवली, आता दोन्ही हातांनी यायची. वाजवताना मी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. ते जमिनीकडं पाहत होते. मान वर केली नाही. संपल्यावरही नाही. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. मलाही त्यांना काही म्हणायचं होतं, पूर्णेपासूनचं, पण ते कुठून काढावं ते सुचेना.

"तुझी माय म्हणायलीय, दिवाळीला ये," आबा म्हणाले.

"येते."

मग मोटार चुकेल म्हणून ते उठले, आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.