सहा वेळा बदललेली यादी

टाइपबाई सव्वीस वर्षांपूर्वी त्या ऑफिसात टायपिंगसाठी लागल्या. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, नाव मात्र चिकटून राहिलं. इमारतींच्या खांब-तुळयांची गणितं करून नकाशे काढून देणारं ते ऑफिस. चौतीस माणसं, दोन मजले आणि जिन्याखाली एक अरुंद खोली, जिच्यात पूर्वी झाडू-बादल्या ठेवत. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं माहितीपुस्तक वाचायला कुणाला सवड नव्हती. बाईंनी ते घरी नेऊन वाचलं. एवढा एकच गुन्हा त्यांच्या हातून घडला. तेव्हापासून ऑफिसात जे काही विजेवर चालतं आणि बिघडतं ते बाईंच्या माथी, असं ठरूनच गेलं.

जिन्याखालच्या खोलीत आता सर्व्हर होता. सगळ्यांचे नकाशे एका ठिकाणी जपणारं मशीन. त्याला नऊ वर्षं झाली होती. पंखा घरघरायचा, दुपारी खोली भट्टीसारखी तापायची, आणि एखादा मोठा नकाशा उघडायला घेतला की माणूस चहा पिऊन परत आला तरी पडद्यावर निम्माच उतरलेला असायचा. बाई दोन वर्षं सांगत होत्या. शेवटी एका सोमवारी साहेबांचाच नकाशा अडकला आणि त्यांना एकदम सगळं पटलं.

"तयार मशीन नको," साहेब म्हणाले. "तयार कपड्यांसारखं असतं ते, कुठे सैल, कुठे घट्ट. आपण मापाचं करून घेऊ. पार्ट तुम्हीच निवडा बाई. तुमच्याइतकं कुणाला कळतंय इथे?"

एवढ्या वर्षांत साहेबांनी असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. बाई हरखल्या. अकरा दिवस खपून त्यांनी यादी केली. प्रोसेसर मध्यम, कारण नकाशे जपायला पैलवान लागत नाही. मेमरी मात्र साधी नाही, स्वतःची बारीकसारीक चूक स्वतः पकडून दुरुस्त करणारी. कॅबिनेट साधं पत्र्याचं, हवा खेळेल असं, आणि त्यात बसेल एवढ्याच उंचीचा पंखा. हार्ड डिस्क जोडीने, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरेल आणि एक गेली तरी काम अडणार नाही. आणि डिस्कच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारून लिहिलं : दोन्ही वेगवेगळ्या लॉटच्या हव्यात.

त्या दोन रेघांमागे मोठं दुखणं होतं. आताच्या सर्व्हरच्या आधी जो होता त्यातही डिस्क जोडीनेच होत्या. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या. एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या आणि एकत्रच झिजणाऱ्या जुळ्या बहिणीच त्या. एक गेली. दुकानदार म्हणाला, आठवड्यात बदलून देतो. नवव्या दिवशी दुसरीनेही मान टाकली. सात वर्षांचे नकाशे गेले. त्यानंतरचे आठ महिने बाईंनी कागदी प्रती हुडकण्यात, त्या मशीनवर उतरवून घेण्यात आणि ग्राहकांच्या दारात जाऊन "तुमच्याकडची प्रत जरा देता का" म्हणण्यात घालवले. त्या वर्षी मुलीची दहावी होती. तिच्या अभ्यासाला बाई एक संध्याकाळसुद्धा बसल्या नाहीत. मुलगी पास झाली, पुढे शिकायला दुसऱ्या गावी गेली, कधी काही बोलली नाही. पण बाईंच्या मनातून ते जाईना.

यादी घेऊन त्या साहेबांकडे गेल्या तर तिथे साहेबांचे मेहुणे बसलेले. ग्राहक आणायचं काम यांच्याकडे. स्वभावाने वाईट नाहीत, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात हयात गेलेली. घरी गेम खेळण्यासाठी त्यांनी स्वतः एक मशीन जुळवलं होतं, आणि तेव्हापासून या विषयावर आपला शब्द शेवटचा, असा त्यांचा समज होता.

"ताई, हा प्रोसेसर फारच मिळमिळीत आहे," त्यांनी यादीवरून बोट फिरवत सुरुवात केली. "आणि ग्राफिक्स कार्ड कुठे आहे?"

"सर्व्हरला पडदाच जोडायचा नाही," बाई म्हणाल्या. "तो कुणाला काही दाखवत नाही. त्याने नुसतं सांभाळायचं आणि मागितलं की द्यायचं."

"पण आपण नकाशे काढतो ना?"

"ते आपापल्या टेबलावर काढतो. जिन्याखाली नाही."

"बरं, कॅबिनेट तरी काचेचं घ्या. ग्राहक आला तर त्याला दाखवता येईल. आत निळे दिवे लागतात."

"ग्राहक जिन्याखाली कशाला जाईल?"

साहेब मध्ये पडले. "बाई, सगळ्यांचं ऐकून घ्या. शेवटी मशीन सगळ्यांचं आहे."

मग सगळ्यांचं ऐकणं सुरू झालं. हिशेब विभागाला डिस्क कमी वाटल्या. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरने कुठेतरी वाचलं होतं की हल्ली डिस्क ठेवतच नाहीत. स्वागताला बसणारीने, ती चुकून तिथून जात होती म्हणून, आवाज कमी असावा असं सुचवलं. नेमकी तीच सूचना कामाची होती. यादी पाच वेळा बदलली. दरवेळी बाई नवी छापत, आणि मेमरी व डिस्क या दोन ओळींवर हात ठेवून म्हणत, "बाकी काय ते करा, याला हात लावू नका." सगळे माना डोलवत. माना डोलवण्यात त्या ऑफिसचा हात कुणाला धरता आला नसता.

दुकानात जाताना त्यांनी नवऱ्याला सोबत घेतलं, सामान जड म्हणून. नवरा एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दुकानदाराने बाईंच्या हातातली यादी घेतली, वाचली आणि मान वर करून नवऱ्याला विचारलं, "साहेब, कशासाठी हवंय हे?"

"मला नका विचारू," नवरा म्हणाला. "मी पिशवी धरायला आलोय."

बाईंनी सांगितलं. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि पुन्हा नवऱ्याकडेच वळून म्हणाला, "मॅडम म्हणतायत ती मेमरी मागवावी लागेल. साधी घ्या ना, काही फरक पडत नाही."

"तुम्हाला पडत नसेल," बाई म्हणाल्या. "आठ महिने तुम्ही नव्हता फिरत."

कशाचे आठ महिने ते दुकानदाराला कळायचं कारण नव्हतं, पण आवाज कळला. तो मुकाट्याने लिहून घ्यायला लागला. बाईंनी पंख्याची उंची दोनदा सांगितली, वेगवेगळ्या लॉटचं तीनदा सांगितलं. सामान आठवड्याने ऑफिसातच पोचवतो म्हणाला.

सामान आलं. बाईंनी दुपारची वेळ धरली, मीटिंगच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि एकेक खोकं उघडायला घेतलं. पहिल्याच खोक्यातून काचेचं कॅबिनेट निघालं. दुसऱ्यातून ग्राफिक्स कार्ड. डिस्कच्या पाठीवरचे आकडे त्यांनी खिडकीशी नेऊन वाचले. तारीख एक, लॉट एक, शेवटचा आकडा फक्त एकाने पुढे. पुन्हा जुळ्या बहिणी.

त्यांनी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, परवा तुमच्या ऑफिसातूनच फोन आला होता ना. तुमचे ते सर, साहेबांचे मेहुणे. म्हणाले, यादी थोडी सुधारलीय. लॉटबिट सोडा, काय हाताशी आहे ते लवकर पाठवा म्हणाले."

ही सहावी वेळ. आधीच्या पाच वेळा निदान समोर बसून बदलली होती.

तरी बाईंनी जुळवणी केली. कारण साहेब तासातासाला डोकावून "झालं का" विचारत होते. मेहुण्यांनी निवडलेला प्रोसेसर तापट, म्हणून त्याचा पंखा उंच. पंखा उंच म्हणून काच लागेना. एक बोट फट राहिली. मेमरी आली होती चूक पकडणारीच, पण मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये चालते त्या जातीची. खाचेत बसली, पण या मदरबोर्डला ती मानवेना. बटण दाबलं की पंखे फिरायचे, निळे दिवे लखलखायचे, आणि तपासण्यापुरता जोडलेला पडदा काळाच्या काळा.

मेहुणे येऊन उभे राहिले. "दिवे तर मस्त लागलेत," ते म्हणाले.

बाईंनी स्क्रू वाटीत काढून ठेवले, चादरीची टोकं उचलून सगळ्यावर टाकली आणि घरी निघून गेल्या. घड्याळात साडेचार झाले होते. असं त्या कधी गेल्या नव्हत्या.

घरी सासरे खिडकीत बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता हात थरथरायचे म्हणून दुकान बंद केलं होतं, पण दुसऱ्याच्या कामाचं ऐकायची हौस तशीच होती. सुनेचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

बाईंनी पर्स खाली न ठेवताच सांगितलं.

"मापं घेतली नव्हतीस का?"

"घेतली होती बाबा. मी निवडलेल्या पंख्याची घेतली होती."

सासरे हसले नाहीत. "गिऱ्हाइकाने स्वतः उघडून बघितलेलं घड्याळ माझ्याकडे यायचं," ते म्हणाले. "मी दुरुस्त करायचो, पण आधी लिहून घ्यायचो, की मी उघडण्याआधी हे कुणीतरी उघडलंय. सही घ्यायचो. निम्मी माणसं रागवायची."

"मग?"

"मग काय, रागवायची. पण परत आली की भांडायची नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्धं पान टाइप केलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मी दिलेल्या यादीत मला न विचारता बदल झाले. या दोन डिस्क एकाच लॉटच्या आहेत. यांच्यावर ऑफिसचे नकाशे चढवायचे असतील तर तसा हुकूम खाली सही करून द्यावा. म्हणजे मी चढवीन.

साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला, मग चढला. "बाई, हे काय कोर्टकचेरी चाललीय? घरच्यासारखी माणसं आपण."

"म्हणूनच अर्धंच पान लिहिलंय."

"मशीन सुरू तर करा. पुढचं पुढे बघू."

"मागच्या वेळी पुढचं मीच बघितलं होतं, साहेब."

साहेबांनी पान ड्रॉवरमध्ये टाकलं. दोन दिवस सही नाही आणि नकारही नाही. चादरीखालचं सामान टेबलावर तसंच. सगळे मीटिंगला त्याच्याभोवती बसत आणि कुणीही विषय काढत नसे. मेहुणे बाईंना जिन्यात भेटले की मोबाईल कानाला लावत. बाईंना रात्री झोप लागेना. सगळ्यांच्या डोळ्यांत आपणच आडमुठ्या ठरलो, हे त्यांना दिसत होतं. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर तर सरळ म्हणाला, "बाई, चालून गेलं असतं हो." चालून गेलं असतं. या तीन शब्दांनी बाईंचं जेवढं डोकं उठलं तेवढं सगळ्या खोक्यांनी मिळून उठलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर ते अर्धं पान होतं, कोऱ्या सहीच्या जागेसकट. "मला सही करवत नाही," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला काय हवं ते घेऊन या."

एवढं ऐकायला दोन वर्षं आणि तीन दिवस लागले होते. बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नुसते खांदे सैल पडले.

मेमरी आणि एक डिस्क दुकानदाराने बदलून दिली, दुसरी परत घेतली. तिच्या जागी बाईंनी मुद्दाम एक डिस्क गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणली आणि दोन्हींचे लॉट काउंटरवरच मोठ्याने वाचून घेतले. कॅबिनेट मात्र परत गेलं नाही, काचेला ओरखडा पडला होता. तापट प्रोसेसरही राहिला. बाईंनी त्याला बुटका पंखा शोधला, त्यात पंधरा दिवस गेले. ग्राफिक्स कार्डचं खोकं उघडलेलं, म्हणून दुकानदार घेईना. ते कुठे गेलं हे बाईंनी विचारलं नाही. मेहुण्यांच्या घरचं मशीन म्हणे हल्ली फार सुरेख चालतं.

दीड महिन्याने नवा सर्व्हर जिन्याखाली गेला. निळे दिवे बाईंनी आतली वायर काढून बंद केले. मोठा नकाशा आता डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडायला लागला. पहिले दोन दिवस लोक "वा" म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून त्यांना ते पूर्वीपासून तसंच वाटायला लागलं. एकदा ग्राहक आले असताना मेहुणे जिन्यापाशी थांबून सांगत होते, "सगळे पार्ट आम्ही स्वतः निवडून बनवून घेतलाय." बाई मागून कागद घेऊन जात होत्या. त्या थांबल्या नाहीत.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी सांगितलं की दुसऱ्या शाखेलाही असाच एक सर्व्हर करायचा आहे. "आता काय, यादी तयारच आहे तुमच्याकडे."

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या.

साहेबांना वाटलं, दुपारपर्यंत सांगतील. बाईंनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "करते. पण दुकानाशी फक्त मी बोलणार. दुसऱ्या कुणाचा एक फोन गेला तर मी स्क्रूलासुद्धा हात लावणार नाही. दुकानदाराला तसं तुम्ही स्वतः सांगायचं, आत्ता, माझ्यासमोर."

"एवढा अविश्वास?" साहेब म्हणाले.

बाईंनी दुकानाचा नंबर लिहिलेला कागद त्यांच्याकडे सरकवला आणि उभ्याच राहिल्या. साहेबांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं, थोडा वेळ दाराकडे. मग फोन उचलला.