उघड्या पाठीची ओळख

चोरी काही फार मोठी नव्हती, पण ती घटना आजही आठवते आणि आठवली की जीव अस्वस्थ होतो. लढाईचे दिवस होते, तांब्यापितळेला भलताच भाव आला होता. मी कर्जत भागात फौजदार होतो. कळंबच्या बाजूच्या एका गावात देवळाच्या खोलीतून गावजेवणाचे हंडे, पराती, पातेली चोरीला गेली.

मी खालापूरला बंदोबस्तावर होतो. परतलो तर आरोपी कोठडीत हजर. डोक्यावर हंडा घेऊन जाणारा कातकरी अंधारात पाहिला, अशी खबर रात्रीची राखण करणाऱ्या गावच्या जागल्याने दिली होती. त्या काळी कातकऱ्यांना गुन्हा नसतानाही रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. जवळच्या कातकरवाडीतला एक कोळसा पाडणारा नेमका त्या दिवशी आला नव्हता. जमादाराने त्यालाच उचललं.

मी त्याला पाणी दिलं आणि समोर बसवलं. भट्टी पेटवली होती, सोडून आलो असतो तर सगळ्या कोळशाची राख झाली असती, एवढंच तो सांगत राहिला. साक्षीला कोण, तर बायको आणि भाऊ. त्यांचं कोण ऐकणार? गुन्हा शाबीत झाला की वाडीच उठवायची, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

कर्जतच्या बाजारात दोन तट पडले. एक वकील चहाच्या दुकानात उघड म्हणू लागले, की पोलिसांनी माणूस नाही, जात पकडली. व्यापारी म्हणत, सरकारनेच यांना गुन्हेगार ठरवलंय, मग पोलिसांचं काय चुकलं? आमच्या ठाण्यातही तोच वाद. त्यात नुकताच बदलून आलेला एक कुणबी शिपाई सगळ्यांत मोठ्याने बोलायचा. कातकरी लांबूनही ओळखू येतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मी मामलेदारांसमोर ओळख परेड ठेवली. आरोपीसारखे दिसणारे लोक रांगेत उभे करावे लागतात. वाडीतले काही जण आले, बाकीचे भीतीने रानात गेले. एक माणूस कमी पडला, म्हणून त्या शिपायाला मी वर्दी उतरवून, लंगोटी लावून उभं राहायला सांगितलं. तो हसतच उभा राहिला.

जागल्या रांगेवरून एकदा गेला, परत आला आणि त्याने थेट शिपायाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्योच त्यो कातकरी."

कोणी हसलं नाही. शिपायाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग मी जागल्याला बाजूला घेतलं, न ओरडता विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सायेब, म्या उघडी पाठ बगितली, येवडंच. पाटील बोलला, कातकरी व्हता ना रं? म्या व्हय बोललो."

कातकरी बाजूला काढल्यावर तपास सरळ झाला. खोलीचं कुलूप फोडलेलंच नव्हतं. किल्ली ज्याच्याकडे असे तो गावातला प्रतिष्ठित गृहस्थ दोन प्रश्नांत घामाघूम झाला. भांडी खोपोलीच्या एका मोडवाल्याकडे मिळाली. हंडा वाहिला होता त्या गृहस्थाच्याच सख्ख्या भाच्याने, अंगरखा काढून.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. साक्षीदाराला विचारताना उत्तर आपल्याच तोंडून जाता कामा नये. पुढे नोकरीभर कोणी वर्णन म्हणून जात सांगितली की मी लेखणी खाली ठेवायचो आणि माणूस कसा होता ते विचारायचो. त्या शिपायाचं ते ठरलेलं वाक्यही मी पुन्हा ऐकलं नाही.

कातकऱ्याला सोडलं तेव्हा त्याची भट्टी केव्हाच राख झाली होती. त्याला रडताना किंवा रागावताना मी पाहिलं नाही. पायरीवर थांबून त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं,

"सायेब, आता जाऊ घरी? का फुडली चोरी व्हईस्तवर हितंच बसू?"